बालीत एखाद्या घरी उतरायचं असेल तर

बालीला जाऊन आलेल्या दहा मराठी कुटुंबांचे फोटो एकत्र केले, तर कुठला कुणाचा हे सांगणं अवघड जाईल. भातशेतीवरचा तोच झोका, तानाह लोतच्या देवळामागे तोच सूर्यास्त, नुसा पेनिदाचा तोच कडा. सहा दिवसांत बेट पाहून होतं. ज्यांचं ते बेट, ती माणसं मात्र ड्रायव्हर, वेटर आणि रिसेप्शनवरची मुलगी एवढ्याच रूपात भेटतात.

हा लेख त्यापलीकडे जाऊन चार दिवस एखाद्या बालीनी कुटुंबात राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. असं राहणं दुर्मीळ नाही आणि महागही नाही. बेटावरची कितीतरी कुटुंबं आपल्याच आवारात दोन-चार खोल्या बांधून पाहुणे ठेवतात. उबुदसारख्या गावात तर ही पद्धत काही दशकं जुनी आहे. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. बालीनी घर पाहुण्यासाठी थांबत नाही. त्याचा दिवस पूजा, गावकी आणि नात्यागोत्यांतली कार्यं यांनी आधीच भरलेला असतो. त्या दिवसात पाहुण्याने मावायचं असतं. ज्याला हे जमतं, त्याला न मागता पाहुणचार मिळतो. ‘तेही हिंदू, आपणही हिंदू, मग शिकायचं काय?’ असं म्हणून जाणारा मात्र पहिल्याच दिवशी अडखळतो.

घर कसं निवडाल?

‘होमस्टे’ हा शब्द बालीत कशालाही लावतात. कुता, सेमिन्याक, चांगू या दक्षिण किनाऱ्यावरच्या भागांत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बांधलेले बंगले पुष्कळ आहेत. तिथे मालक दिसत नाही, नोकर दिसतात. खरं घर ओळखायच्या काही खुणा आहेत. खोल्या थोड्या, तीन ते सहा. फोटोंत कुठेतरी दगडी देवळ्यांचा समूह दिसतो. राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांत पोहण्याच्या तलावापेक्षा आजीचा, मुलांचा, सकाळच्या कॉफीचा उल्लेख जास्त असतो.

खोली घेण्याआधी तीन प्रश्न लिहून विचारा. तुम्ही याच आवारात राहता का? नाश्ता घरी कोण करतं? आणि आम्ही असू त्या दिवसांत तुमच्या घरी किंवा बांजारमध्ये काही ‘उपाचारा’, म्हणजे धार्मिक कार्य, आहे का? बांजार म्हणजे आळीची संघटना, तिची गोष्ट पुढे येईलच. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. गैरसोय टाळायची म्हणून काही प्रवासी कार्याचे दिवस वगळतात. तुम्ही नेमके तेच दिवस धरा.

ठिकाणांचं म्हणाल तर उबुदच्या मध्यवर्ती गल्ल्यांतही कुटुंबं राहतात, पण वर्दळ खूप. त्यापेक्षा आसपासची कारागिरांची गावं बरी: लाकडी कोरीवकामाचं मास, चित्रकारांचं बातुआन, किंवा पेजेंग. पूर्वेला आगुंग पर्वताच्या पायथ्याकडचं सिदेमेन खोरं हातमागासाठी ओळखलं जातं. उत्तरेकडच्या डोंगरातलं मुंडुक थंड आहे, तिथे कॉफी आणि लवंगेच्या बागा आहेत. जातिलुविहच्या भातखाचरांना ‘सुबाक’ या सामूहिक पाणीवाटपाच्या व्यवस्थेमुळे 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. बांगली जिल्ह्यातल्या पेंग्लिपुरानची 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत निवड केली. तिथे दिवसभर तिकीट काढून येणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून पाहायचं तर तिथल्याच घरात मुक्काम करून, गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी पाहावं.

एका घरी निदान चार रात्री राहा. एका रात्रीच्या गिऱ्हाइकाशी कुणाचीच ओळख होत नाही. साध्या, पंख्याच्या खोलीला नाश्त्यासह साधारण दोन ते चार लाख रुपिया पडतात, म्हणजे आपले हजार ते दोन हजार रुपये. जागा आणि हंगाम पाहून हा आकडा वरखाली होतो.

आवारात पाऊल टाकताना

बालीनी घर म्हणजे एक इमारत नव्हे. भिंतीने वेढलेल्या आवारात मध्ये मोकळं अंगण, त्याला ‘नाताह’ म्हणतात, आणि त्याच्या चारी बाजूंना वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे मंडप. अरुंद दरवाज्यातून आत गेलात की बहुतेक जुन्या घरांत समोर एक आडवी भिंत येते, ‘आलिंग-आलिंग’. दुष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात अशी समजूत आहे, म्हणून माणसांनी बाजूने वळून आत यायचं.

घराची मांडणी ‘काजा’ आणि ‘केलोद’ या दोन दिशांवर आधारलेली असते. काजा म्हणजे डोंगराकडची बाजू, ती पवित्र. केलोद समुद्राकडची. दक्षिण बालीत काजा साधारण उत्तरेला येते. डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर गेलात की तीच काजा दक्षिणेला. डोंगराकडचा आणि उगवतीचा कोपरा घरातल्या देवळांसाठी राखलेला असतो. त्याला ‘सांगाह’ किंवा ‘मेराजान’ म्हणतात. डोंगराकडच्या बंद खोलीत घरातली वडीलधारी झोपतात. पूर्वेचा खांबांवरचा मंडप ‘बाले दांगिन’. लग्न, दात कानशीने घासून सपाट करण्याचा संस्कार इथेच होतात आणि घरात कुणी गेलं तर देहही इथेच ठेवतात. स्वयंपाकघर, म्हणजे ‘पाओन’, समुद्राच्या बाजूला. त्याजवळ धान्याचं कोठार. मागच्या ‘तेबा’त झाडं, कोंबड्या आणि डुकरं.

एवढी मांडणी लक्षात ठेवली की वागण्याचे निम्मे नियम आपोआप सुटतात. मेराजानच्या आत बोलावल्याशिवाय जाऊ नका. बाले दांगिन रिकामा दिसला म्हणून तिथे पाय पसरून मोबाइल बघत बसू नका. कुठल्याही मंडपाच्या चौथऱ्यावर चढण्याआधी चपला खाली काढा.

झोपताना एक घोळ होऊ शकतो. उत्तरेला डोकं करून झोपू नये हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. बालीत डोकं डोंगराकडे किंवा पूर्वेकडे असावं लागतं, आणि दक्षिण बालीत डोंगराकडे म्हणजे उत्तरेकडेच. खाट तशीच मांडलेली असते. आपल्या सवयीपायी उशी पायथ्याशी नेली तर पाय देवळाकडे होतात. यजमान बोलणार नाहीत, पण त्यांना ते खटकेल. अंतर्वस्त्रं डोक्याच्या उंचीवरच्या दोरीवर वाळत घालणंही असंच. खालून माणसं जा-ये करतात, आणि ते अशुद्ध मानलं जातं. असे कपडे खाली, मागच्या बाजूला वाळवा.

कोणाला काय म्हणाल?

पहिल्या दिवशी नावांनी डोकं फिरतं. घरात वायान, शेजारी वायान, ड्रायव्हरही वायान. बालीत बहुतेकांचं नाव जन्मक्रमावरून ठरतं. पहिलं मूल वायान, पुतू किंवा गेदे, दुसरं मादे किंवा कादेक, तिसरं न्योमान किंवा कोमांग, चौथं केतुत. पाचवं झालं तर पुन्हा वायानपासून सुरुवात. मुलगा असो की मुलगी, नाव बहुधा तेच. म्हणून प्रत्येकाला आणखी एक नाव असतंच, ते विचारून घ्या. इदा बागुस, इदा आयू, आनाक आगुंग, चोकोर्दा अशी नावं ब्राह्मण किंवा राजघराण्यांतल्या लोकांची. नावातून जात कळते. त्यापुढे चौकशी करायला जाऊ नका.

हाक मारताना पुरुषाला ‘पाक’ आणि बाईंना ‘इबू’ किंवा नुसतं ‘बू’ कुठेही चालतं. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या तरुणाला ‘ब्ली’, म्हणजे दादा, आणि तरुणीला ‘म्बोक’, म्हणजे ताई, म्हटलंत की चेहरे खुलतात. बालीनी भाषेत मान-मर्यादेप्रमाणे शब्द बदलतात आणि परक्याला ते जमणं कठीण. त्यामुळे इंडोनेशियन भाषेतली चार वाक्यं शिकणं सोयीचं.

अभिवादन मात्र बालीनी पद्धतीनेच करा. छातीशी हात जोडून ‘ओम् स्वस्त्यस्तु’. उत्तरही तेच येतं. आभारासाठी ‘सुक्स्मा’. कुणाच्या समोरून जायचं झालं तर किंचित वाकून ‘पर्मिसी’ म्हणा. वस्तू देता-घेताना उजवा हात, आणि मोठ्यांशी व्यवहार असेल तर डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार. लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवण्याची आपली सवय इथे आवरा. डोकं हा शरीराचा सगळ्यात पवित्र भाग मानतात.

तुम्हालाही प्रश्न विचारले जातील. कुठे निघालात? आंघोळ झाली का? लग्न झालंय? मुलं किती? यात नाक खुपसणं नाही. पहिले दोन तर ‘कसं काय?’ म्हणण्याचेच प्रकार. ‘कुठे?’ला ‘जालान-जालान’, म्हणजे ‘असंच फिरायला’, एवढं उत्तर पुरतं. लग्न किंवा मूल झालं नसेल तर ‘तिदाक’, म्हणजे ‘नाही’, असं म्हणू नका. ‘बेलुम’, म्हणजे ‘अजून नाही’, म्हणा. तिकडे ‘नाही’ हा शब्द फार जपून वापरतात. यजमान ‘बघू’ म्हणत हसले तर बहुधा तो नकार असतो. ताणू नका.

घरचं जेवण

मराठी माणसाचा पहिला अपेक्षाभंग इथे होतो. रात्री सगळं घर एकत्र जेवायला बसेल आणि आपणही त्यात असू, असं चित्र मनात असतं. बालीत रोज तसं होत नाही. घरातल्या बाईने पहाटेच दिवसभराचा भात आणि तोंडीलावणी करून झाकून ठेवलेली असतात. ज्याला भूक लागेल तो वाढून घेतो आणि बऱ्याचदा एकटाच, न बोलता जेवतो. पाहुण्याचं ताट वेगळं मांडून घरचे बाजूला झाले तर त्याचा अर्थ दुरावा असा घेऊ नका. ‘तुम्हीही बसा ना’ असा आग्रह केल्याने त्यांचीच पंचाईत होते. एकत्र जेवणं कार्यप्रसंगी होतात. पूर्वेच्या कारांगासेम भागात तर एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवण्याची ‘मेगिबुंग’ ही प्रथा आजही आहे.

समोर कॉफी किंवा फराळ ठेवला तरी लगेच हात घालू नका. यजमान ‘सिलाकान’, म्हणजे ‘घ्या’, म्हणेपर्यंत थांबायचं. कॉफी गाळलेली नसते. गाळ तळाशी बसू द्या आणि शेवटचा घोट सोडा.

शाकाहाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं. बालीनी स्वयंपाकाचा पाया ‘बासे गेनेप’ हे वाटण. त्यात छोटे कांदे, लसूण, आलं, गलांगल, हळद, मिरची यांबरोबर ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतोच. नुसतं ‘शाकाहारी आहे’ म्हटल्याने तो टळत नाही. हे वाक्य लिहून ठेवा: ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, तेलुर, तेरासी’. मांस, कोंबडी, मासे, अंडी आणि तेरासी खात नाही, असा त्याचा अर्थ. अंडं चालत असेल तर ‘तेलुर’ गाळा. आदल्या दिवशी सांगितलंत तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, ओलं खोबरं घातलेल्या उकडलेल्या भाज्यांचा ‘उराब’ असं सगळं तेरासीशिवाय करून देतात. सणाच्या दिवशीचं ‘लावार’ दिसायला भाजी-खोबऱ्याची कोशिंबीर, पण त्यात बहुधा खिमा आणि कित्येकदा ताजं रक्तही असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. डुकराचं मांस इथे नैवेद्यातही असतं. ते पाहून तोंड वाकडं करू नका. खायचं नसेल तर हात छातीशी नेऊन, हसून नको म्हणा. कुणी बळजबरी करत नाही.

स्वयंपाकघरात शिरायचं असेल तर ‘बोलेह बांतू?’, म्हणजे ‘मदत करू का?’, असं विचारा. पैसे भरून घेतलेल्या पाककलेच्या वर्गापेक्षा इबूच्या शेजारी बसून नारळ खवण्यात जास्त शिकायला मिळतं. गप्पाही तिथेच होतात.

पानांच्या द्रोणांपासून देवळापर्यंत

स्वयंपाक झाला की घरचे आधी स्वतः जेवत नाहीत. केळीच्या पानाच्या इवल्या तुकड्यांवर भाताची चार शितं आणि चिमूटभर तोंडीलावणं ठेवून ते चुलीपाशी, पाण्यापाशी, दाराशी, देवळ्यांत मांडतात. हे ‘सायबान’. आपल्या चित्राहुती आणि काकबळी एकत्र केल्या तर जे होईल, त्याच्या जवळचं. नाश्त्याला थोडा उशीर झाला तर कारण हे असतं.

त्याशिवाय ‘चानांग सारी’. कोवळ्या झावळीचा चौकोनी द्रोण, त्यात दिशेनुसार रंगांची फुलं: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. वर धुमसणारी उदबत्ती. देवळ्यांत, उंबऱ्यावर, दुकानासमोर, स्कूटरवरही तो दिसतो. जमिनीवरचा द्रोण ओलांडू नका, वळसा घालून जा. उदबत्ती विझली की देवाने सार घेतलं असं मानतात. मग कुत्रं तो भात खाऊन गेलं तरी कुणी हाकलत नाही. तुम्हीही हाकलू नका. द्रोण विणायला शिकायचे असतील तर दुपारी बायका ओसरीवर बसतात तेव्हा शेजारी जाऊन बसा. पहिले पाच-सहा बिघडतील, त्यावर सगळ्या हसतील, आणि ओळख तिथून पुढे सरकेल.

देवळात एक फरक ठळकपणे जाणवेल. बहुतेक देवळ्या रिकाम्या असतात. देवता कार्याच्या वेळी खाली उतरून तिथे बसते, अशी श्रद्धा आहे. रिकाम्या आसनावर आपल्या पिशवीतला गणपती ठेवायचा मोह आवरा. ‘हे सगळं मूळचं आमच्याकडचं’ हे व्याख्यानही नको. रामायण-महाभारताची पात्रं त्यांच्या घरातली आहेत, पण विधी, पंचांग आणि पूर्वजपूजा त्यांनी शतकानुशतकं स्वतः घडवली आहे. शिकवायला गेलात तर ऐकायचं राहून जाईल.

मासिक पाळी असलेल्या बायका आणि घरात नुकताच मृत्यू झालेली माणसं देवळात जात नाहीत, हा नियम इथे कडक आहे. देवळांबाहेर तशी पाटीही असते. आपलं मत काही असलं तरी पाहुण्याने यजमानाचा नियम पाळावा. कारण न सांगता ‘आज मी बाहेर थांबते’ एवढं म्हटलं तरी समजून घेतात.

कार्याचं बोलावणं आलं तर

तीन महिन्यांच्या बाळाचा विधी, दर 210 दिवसांनी येणारा जन्मदिवस ‘ओतोनान’, दात घासण्याचा संस्कार, लग्न, देवळाची वार्षिकी ‘ओदालान’, दहनविधी ‘न्गाबेन’. कार्यं इतकी की चार दिवसांत एखादं तरी जवळपास असतंच. ‘या’ म्हटलं तर नक्की जा, आणि या गोष्टी सांभाळा.

पोशाख: कमरेला ‘कामेन’ हे लुंगीसारखं वस्त्र आणि त्यावर ‘सेलेंदांग’ हा पट्टा दोघांनाही हवा. बायकांना ‘केबाया’ हे लांब बाह्यांचं झंपर, पुरुषांना ‘उदेंग’ हे डोक्याचं वस्त्र. घरचे उसनं देतात आणि नेसवूनही देतात. साडी किंवा धोतर नेसलात तरी पट्टा बांधाच.

हातात काय न्यायचं: तांदूळ, साखर, कॉफी, किंवा पाकिटात थोडे पैसे. प्रवेश-शुल्क असल्यासारखे ते उघडपणे पुढे करू नका. पाकीट शांतपणे घरच्या बाईंच्या हाती द्या.

काम: कार्याच्या पहाटे पुरुषमंडळी मसाला आणि मांस चिरायला बसतात, त्याला ‘मेबात’ म्हणतात. बायका त्याआधी कित्येक दिवस पानांचं काम करत असतात. देवळासाठी केलेली ही सेवा ‘न्गायाह’. मुख्य विधीला सजून येण्यापेक्षा आदल्या दिवशी सुरी किंवा झावळी हातात घेऊन बसलेला पाहुणा लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

प्रार्थना: हिंदू आहात, सहभागी व्हायचं आहे, तर ‘बोलेह इकुत सेंबाह्यांग?’ असं विचारा. सहसा आनंदाने बसवून घेतात. पुरुष मांडी घालतात, बायका गुडघ्यांवर बसतात. हात कपाळाच्या वर जोडून पाच वेळा वंदन: पहिलं आणि शेवटचं रिकाम्या हातांनी, मधली फुलं घेऊन. मग पुजारी तीर्थ शिंपडतात. ते उजव्या तळहातावर घेऊन तीनदा प्यायचं आणि चेहऱ्याला लावायचं. शेवटी ओले तांदूळ कपाळाला चिकटवायचे. गोंधळलात तर शेजारच्या आजींकडे पाहा.

फोटो: प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका. पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नका. न्गाबेनची मिरवणूक रंगीबेरंगी आणि गजबजलेली असली तरी ती अंत्ययात्रा आहे. तिथे सेल्फी नको.

आणि घाई नको. दहाचं कार्य बाराला सुरू होतं. मधल्या वेळेत चहा, गप्पा, मुलांचे खेळ चालू असतात. घड्याळ बघत बसलेल्या पाहुण्याला हे सगळं वाया गेलेला वेळ वाटतो.

याच संदर्भात बांजार समजून घ्या. आळीतलं प्रत्येक विवाहित जोडपं या संघटनेचं सभासद असतं. लाकडी ‘कुलकुल’ वाजला की सभेला, कामाला, कुणाच्या अंत्यविधीला हजर व्हावं लागतं. कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर दंड होतो. त्यामुळे ठरलेली सहल सोडून यजमान अचानक निघून गेले तर रुसू नका. तुम्ही चार दिवसांचे, बांजार जन्माचा.

दिवस निवडताना

गालुंगान हा घरोघरचा मोठा सण. पूर्वज घरी येतात, अशी श्रद्धा आहे. रस्त्याच्या दुतर्फा ‘पेंजोर’, म्हणजे सजवलेले वाकलेले बांबू, उभे राहतात. बालीच्या 210 दिवसांच्या पंचांगानुसार तो 2026 मध्ये 17 जूनला आणि त्यानंतर 13 जानेवारी 2027 ला येतो. दहा दिवसांनी कुनिंगान. या काळात शहरांत कामाला गेलेली मंडळी मूळ गावी परततात, दुकानं बंद असतात, पण घर भरलेलं असतं.

न्येपी हा त्यांचा नववर्षदिन, शक संवत्सराचा. आपल्या पंचांगातला शकाचा आकडा तोच त्यांचा. 2026 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही 19 मार्चला, शके 1948. एरवी अधिक महिन्याच्या हिशोबामुळे दोन्हींत कधी महिन्याचाही फरक पडतो. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. दुसऱ्या दिवशी मात्र आग, दिवे, काम, प्रवास, करमणूक सगळं बंद. विमानतळही चोवीस तास बंद असतो. पारंपरिक रक्षक ‘पेचालांग’ रस्त्यांवर फिरतात. पाहुण्यालाही आवाराबाहेर पडता येत नाही. खायचं आधीच सांगून ठेवा, पुस्तक जवळ ठेवा. मुलं लहान असतील तर त्यांना मोबाइलविना दिवस काढता येईल का, याचा विचार करून मगच ही तारीख धरा.

थोडं व्यवहाराचं

भारतीय पारपत्रावर तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, पाच लाख रुपियांना. त्याशिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना बाली प्रांताचा दीड लाख रुपियांचा कर भरावा लागतो. तो ऑनलाइन भरता येतो. निघण्याआधी दोन्ही आकडे ताजे तपासा. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

नळाचं पाणी पिऊ नका. घरात मोठी बाटली असते, त्यातून भरून घ्या. 2008 पासून बेटावर रेबीज आहे, म्हणून अंगणातल्या कुत्र्यांना आणि देवळातल्या माकडांना हात लावू नका. चावलं तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. डेंगीमुळे डासांचं मलम हवंच. घरगुती ‘आराक’ दारू कुणी पुढे केली तर नम्रपणे नाकारा. भेसळीच्या आराकने माणसं दगावली आहेत. कोंबडे पहाटे चारपासून आरवतात आणि कार्य असेल तर गामेलान या वाद्यवृंदाचे स्वर मध्यरात्रीपर्यंत येतात. झोप हलकी असलेल्यांनी कानात घालायला बोळे न्यावेत.

भेट म्हणून चांगल्या उदबत्तीचे पुडे न्या. त्या घरात रोज लागतात. काजू, चिक्की, चहाचा मसाला चालतो. तुमच्यासमोर भेट उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ती तिथली रीत आहे. हिशोब साफ ठेवा: खोलीचे, गाडीचे, धुण्याचे पैसे वेळेवर आणि घासाघीस न करता द्या. कुटुंबाने प्रेमाने केलेल्या गोष्टींची किंमत मात्र विचारू नका. त्याची परतफेड मुलांसाठी खाऊ, कार्यासाठी पाकीट किंवा घरी परतल्यावर पाठवलेले फोटो यांनी होते. फोटो पाठवतो म्हणालात तर खरंच पाठवा.

सात दिवसांचा कार्यक्रम आखत असाल तर चार रात्री एका घरासाठी ठेवा, आणि त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. त्या दिवशी काय करायचं ते घरच्यांना ठरवू द्या.